आश्विनातील अनोळखी पाहुणे : दौंडचा माळ आणि भीमेचा काठ

भाद्रपदाचा शेवटचा पाऊस सरतो, पितृपक्ष संपतो आणि दौंडच्या आसमंतात एक वेगळीच हालचाल सुरू होते. बाजारपेठेत दसरा-दिवाळीच्या मालाची आवक वाढते, नव्या वह्यांची मागणी येते. त्याच दिवसांत गावाबाहेरच्या माळावर आणि भीमेच्या काठावर दुसऱ्याच प्रकारची आवक चालू असते. तिला ना हुंडी लागते, ना पावती. मध्य आशिया, सैबेरिया, मंगोलिया, तिबेटचे पठार आणि युरोपचा पूर्व भाग येथून निघालेले पक्षी शरद ऋतूत दख्खनच्या पठारावर उतरू लागतात. त्यांतील बहुतेक दरवर्षीचे ठरलेले पाहुणे असतात. एखादा मात्र असा असतो की, त्याने येथे दिसावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्या एका पक्ष्यासाठी पक्षिनिरीक्षक आश्विन-कार्तिकातील पहाटे घालवितात.

दौंड हे नाव उच्चारले की बहुतेकांना रेल्वे जंक्शन आठवते. इंग्रजी अमदानीत ‘धोंड’ या नावाने नकाशावर आलेल्या या गावापासून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला. पुण्याकडून सोलापूरकडे जाणारी मुख्य वाट, मनमाडची वाट आणि बारामतीचा फाटा येथे एकत्र येतात. काही गाड्या येथे विसावतात, काही इंजिन बदलून दिशा पालटतात, तर काही अलीकडे ‘दौंड कॉर्ड’ मार्गाने मुख्य स्थानकात न शिरताच पुढे निघून जातात. पक्ष्यांच्या बाबतीतही दौंड-शिरूरचा मुलूख असाच आहे. काही पक्षी येथे सगळा हिवाळा काढतात, काही दोन-चार दिवस विसावा घेऊन दक्षिणेकडे जातात, तर काहींचे खरे ठिकाण आफ्रिकेत असते आणि वाटेत एखादा दिवस ते येथील तारेवर बसलेले दिसतात.

या प्रदेशाची रचना समजून घेतल्याशिवाय येथील पक्षी समजत नाहीत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे वर्षाकाठी सुमारे 500 मिलिमीटरच पाऊस पडतो. त्यामुळे मूळची भूमी ही खुरट्या गवताची, बोरी-बाभळींची आणि मुरमाड टेकड्यांची. कुरकुंभ, पाटस, वरवंड या पट्ट्यात आणि दक्षिणेला सुप्याकडे अशा माळांचे तुकडे अजून शिल्लक आहेत. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे 5.14 चौरस किलोमीटर आहे. चिंकारा हरणांसाठी ते प्रसिद्ध असले, तरी धाविक, पखुर्डी, चंडोल आणि भोवत्या यांसारख्या माळपक्ष्यांसाठीही ते तितकेच मोलाचे आहे.

या कोरड्या मुलखाला पाण्याची किनार मात्र मोठी लाभली आहे. पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. शिरूरला जिच्यामुळे ‘घोडनदी’ हे नाव पडले ती घोडही पुढे भीमेतच विसर्जित होते. या सर्व नद्यांचे पाणी खाली उजनी धरणात साठते. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 63 टीएमसी, हा मृतसाठा आहे. त्याचे फुगवट्याचे पाणी सोलापूर जिल्ह्यातून मागे सरकत इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव, डिकसळ आणि दौंड तालुक्यातील खानोट्यापर्यंत पोहोचते. ज्या गावांची शेते आणि घरे या पाण्याखाली गेली, त्यांनी फार मोठी किंमत मोजली. जुन्या वहिवाटी बुडाल्या आणि तेथे नवे पाणथळ उभे राहिले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भिगवण म्हटले की लोकांच्या मनात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे येतात आणि दिवाळीच्या सुटीत अनेक कुटुंबे मुलाबाळांसह तेथे जातात. परंतु पावसाळ्यानंतर धरण बहुधा भरलेले असते. रोहित पक्ष्याला उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. तो मिळतो पाणी ओसरू लागल्यावर, म्हणजे पौष-माघाच्या सुमारास. दिवाळीत गेलेली मंडळी मग निराश होऊन परततात. वास्तविक शरद ऋतूचे वैभव वेगळे आहे. ते मोठ्या थव्यांत दिसत नाही. एकेकट्या, चुकार, वाटेवरच्या पक्ष्यांत ते शोधावे लागते आणि त्यासाठी पाण्यापेक्षा माळ, बांध, तारा आणि उसाच्या कडा अधिक न्याहाळाव्या लागतात.

आगमनाचा क्रमही ठरलेला असतो. श्रावण-भाद्रपदातच भोरड्यांचे पहिले थवे येतात. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियातून येतात. पुढे जोंधळा भरात आला की माळ्यावर गोफण घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला त्या चांगल्याच परिचयाच्या होतात. सप्टेंबरात ओढ्याकाठी करडा धोबी शेपूट खालीवर हलवीत दिसू लागतो. त्यामागून पांढरा व पिवळा धोबी, थिरथिरा, शंकर, रणगोजा आणि नाना प्रकारचे वटवटे येतात. ऑक्टोबरात माळावर भोवत्या शिकारी पक्ष्यांचे संथ, बुटके उड्डाण सुरू होते. गवतावरून हातभर उंचीने तरंगत ते नाकतोडे व टोळ टिपतात आणि संध्याकाळी गवतातच जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. नोव्हेंबरात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक आणि पट्टकादंब पाण्यावर उतरतात. पट्टकादंब हा हिमालय ओलांडून येणारा हंस होय. त्याच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांनी 7,000 मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाणाची नोंद केलेली आहे.

हे झाले ठरलेले पाहुणे. आता प्रश्न असा की, न ठरलेला पाहुणा येतो कसा?

याची कारणे अनेक आहेत. काही पक्ष्यांची वाटच मुळी आपल्या मुलखाच्या कडेने जाते. युरोपीय नीलपंख, लाल पाठीचा खाटीक आणि ठिपकेदार माशीमार हे पक्षी मध्य व पश्चिम आशियातून आफ्रिकेकडे जाताना शरद ऋतूत वायव्य भारतावरून प्रवास करतात. कच्छ-राजस्थानात ते नित्य दिसतात, तर महाराष्ट्रात त्यांतील थोडेच उतरतात. वसंतात परतताना त्यांची वाट बहुधा वेगळी असते, म्हणून येथे त्यांना पाहण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते. काही पक्षी वादळाने ढकलले जातात. अरबी समुद्रावर वादळ उठले की एरवी किनाराही न पाहणारे समुद्रपक्षी घाट ओलांडून आत येतात आणि थकून एखाद्या तळ्यावर किंवा शेतात पडलेले आढळतात. काही पक्षी दुसऱ्यांच्या संगतीने येतात. उत्तर भारतात सहज दिसणारा राखी हंस दख्खनमध्ये अपवादानेच आढळतो आणि आढळला तर बहुधा पट्टकादंबांच्या थव्यातच.

सर्वांत विचार करायला लावणारे कारण मात्र पक्ष्याच्या वयाशी संबंधित आहे. शरद ऋतूतील प्रवाशांमध्ये त्याच वर्षी जन्मलेल्या पिल्लांचा भरणा मोठा असतो. अनेक जातींमध्ये ही पिल्ले आईबापांच्या सोबतीशिवाय पहिला प्रवास करतात. दिशा आणि अंतर यांचे ज्ञान त्यांना जन्मतः मिळालेले असते, पण अनुभव नसतो. हॉलंडमधील शास्त्रज्ञ पेर्डेक यांनी याविषयी केलेला प्रयोग 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. हॉलंडमध्ये स्थलांतराच्या काळात पकडलेल्या सुमारे 11,000 मैनांच्या पायात कडी घालून त्यांनी त्या विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. अनुभवी, प्रौढ पक्ष्यांनी आपण भलतीकडे आलो आहोत हे ओळखले आणि दिशा बदलून ते आपल्या नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे वळले. पहिल्याच प्रवासाला निघालेले तरुण पक्षी मात्र जन्मजात दिशेने सरळ उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनकडे जाऊन पोहोचले. व्यापाऱ्याच्या घरात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पेढीचे नियम मुलाला तोंडपाठ असतात, पण बाजार पालटला की काय करावे हे दोन-चार हंगाम काढल्याखेरीज कळत नाही. म्हणूनच अनपेक्षित ठिकाणी सापडलेला पक्षी पुष्कळदा पहिल्या वर्षाचा असतो.

प्रत्येक दुर्मिळ दिसणारा पक्षी वाट चुकलेला असतोच असेही नाही. अमूर ससाण्याचे उदाहरण घ्यावे. पारव्याहून लहान असलेला हा शिकारी पक्षी ईशान्य चीन व सैबेरियाच्या भागातून निघून ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडमधील दोयांग जलाशयावर लाखोंच्या संख्येने जमतो. 2012 मध्ये तेथे जाळ्यांनी त्याची प्रचंड शिकार होत असल्याचे उघडकीस आले. त्यानंतर गावकरी, चर्च, शासन व पक्षिप्रेमी संस्था यांनी एकत्र येऊन 2013 च्या हंगामात ती शिकार थांबविली. त्याच वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविण्यात आली. नागा, पांगती आणि वोखा अशी त्यांची नावे ठेवण्यात आली होती. ते भारत ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत पोहोचले. म्हणजे महाराष्ट्राच्या आकाशातून हे पक्षी दरवर्षी जातात. फक्त ते उंचावरून जातात आणि क्वचितच उतरतात. लोणावळ्याच्या परिसरात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते विसावलेले दिसतात. आकाशाकडे पाहणारे डोळे वाढले, तसा एकेकाळी अतिदुर्मिळ समजला गेलेला हा पक्षी ओळखीचा होऊ लागला आहे.

येथेच पक्षिनिरीक्षणातील खरा कसोटीचा भाग सुरू होतो. दुर्मिळ पक्षी दिसणे वेगळे आणि तो दिसला हे सिद्ध करणे वेगळे. समजा, दौंडमधील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरातील पुतण्या ऑक्टोबरच्या एका सकाळी पाटसच्या माळावरून धावतपळत दुकानात येतो.

“काका, आज तारेवर युरोपचा नीलपंख बघितला! आपला नेहमीचा नाही, दुसरा.”

काका नाकावरचा चष्मा सारखा करतात. “बस आधी. छाती कोणत्या रंगाची होती?”

“निळी.”

“पूर्ण निळी की पोटाकडेच निळी? आपल्या नीलपंखाची छाती तांबूस-तपकिरी असते आणि गळ्यावर पांढुरक्या रेघा असतात. त्याचंही पोट निळंच असतं.”

“छाती निळीच वाटली.”

“वाटली की बघितली? उडाला तेव्हा पंख कसे दिसले?”

पुतण्या गप्प राहतो. पक्षी उडाला तेव्हा तो पिशवीतून मोबाईल काढत होता.

“मग आज वहीत ‘नीलपंख, जात अनिश्चित’ असं लिही,” काका म्हणतात. “वेळ लिही, जागा लिही, उजेड कोणत्या बाजूनं होता ते लिही. उद्या पहाटे दोघं जाऊ. आणि उडताना पंखाकडेच बघायचं. आपल्याच्या पंखात गडद निळा आणि फिकट निळा असे पट्टे दिसतात. त्याच्या उड्डाणपिसांचा रंग काळसर असतो.”

मुलाला हे रुचत नाही. त्याने मनात तो पक्षी केव्हाच जमेस धरलेला असतो. पण काकांना रोजमेळाची सवय आहे. ज्या रकमेची पावती नाही ती जमेला धरली, तर आज आनंद होतो आणि वर्षअखेरीस ताळा जुळत नाही, हे त्यांना ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी तारेवर तांबूस छातीचा आपला नेहमीचाच नीलपंख बसलेला असू शकतो, किंवा तार मोकळीही असू शकते. ‘जात अनिश्चित’ ही नोंद मात्र दोन्ही वेळी खरी राहते.

असाच सावधपणा इतर अनेक पक्ष्यांबाबत लागतो. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांडुर भोवत्या यांच्या माद्या व पिल्ले दुरून जवळजवळ एकसारखी दिसतात. मानेभोवतीचा फिकट पट्टा आणि चेहऱ्यावरील गडद खुणा नीट दिसल्याशिवाय त्यांच्यात भेद करू नये. पहिल्या वर्षाच्या खाटकांनी तर जाणत्यांनाही चकविले आहे. ढगाळ सकाळ, तिरपा उजेड, दूरचे अंतर आणि मनातील इच्छा या चार गोष्टी एकत्र आल्या की सामान्य पक्षीही दुर्मिळ दिसू लागतो.

एका खोट्या नोंदीने केवढे नुकसान होते याचे जगप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्राशीच निगडित आहे. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी ह्यूम यांनी 1873 मध्ये शास्त्राला परिचित करून दिला. पुढे मुंबई प्रांताच्या मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन यांना तो 1880 च्या दशकात खानदेशात मिळाला. 1884 नंतर मात्र त्याचा एकही विश्वासार्ह नमुना नव्हता. अपवाद होता तो फक्त रिचर्ड माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्याचा. तो 1914 मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविल्याचे चिठ्ठीवर लिहिलेले होते. नंतर शोध घेणारे त्या चिठ्ठीवर विसंबले आणि त्यांच्या हाती काही लागले नाही.

अमेरिकन अभ्यासिका पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. क्ष-किरण चित्रांतून असे दिसले की, 1914 चा म्हणून मांडलेला तो नमुना नव्याने भरून शिवलेला होता आणि आत जुन्या, डेव्हिडसन यांच्या पद्धतीच्या खुणा शिल्लक होत्या. तो संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच पक्षी होता. केवळ तारीख आणि ठिकाण बदलले होते. मांडवीची खोटी नोंद वहीतून वजा झाल्यावर शोध पुन्हा जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघे प्रथम पूर्व भारतातील जुन्या जागी गेले. तेथे यश आले नाही, तेव्हा ते खानदेशात आले. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळच्या जंगलात भरदिवसा उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. 113 वर्षांनंतर तो पुन्हा जगासमोर आला. पुढे मेळघाट आणि इतर जंगलांतही तो आढळला.

या घटनेचा बोध स्पष्ट आहे. माइनर्टझहागेन याच्या एका चिठ्ठीने कोणाचे पैसे बुडाले नाहीत. पण संकटात असलेल्या एका जातीचा शोध चुकीच्या ठिकाणी होत राहिला, आणि तेवढ्या काळात तिच्या खऱ्या घरातील जंगल तुटत राहिले. तिला संरक्षण हवे होते तेथे कोणी पाहतच नव्हते. खोटी नोंद ही म्हणूनच निरुपद्रवी बढाई राहत नाही.

खऱ्या नोंदीचे मोल याच्या नेमके उलट आहे. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1927 पासून पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्यास प्रारंभ केला आणि सालीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली 1959 पासून हे काम मोठ्या प्रमाणावर झाले. कडे घातलेला एखादा पक्षी हजारो कोसांवर कोणाला तरी सापडतो, तो क्रमांक कळवितो आणि प्रवासाची दोन टोके जुळतात. मंगोलियात गळ्यात पट्टा घातलेले पट्टकादंब दक्षिण भारतातील तलावांवर वाचले गेले आहेत. अलीकडे ‘ई-बर्ड’ या संगणकीय नोंदवहीत सामान्य नागरिकही आपली यादी भरू शकतो. एखाद्या ठिकाणी अनपेक्षित पक्षी नोंदविला की ती व्यवस्था थांबून पुरावा मागते आणि जाणते परीक्षक तपासणी करतात. छायाचित्र, आवाज किंवा सविस्तर वर्णन नसल्यास ती नोंद सार्वजनिक हिशेबात धरली जात नाही. यात अविश्वास मानण्याचे कारण नाही. बँकेत दुसऱ्या सहीशिवाय व्हाउचर पुढे जात नाही, तेव्हा पहिल्या सहीचा अपमान होत नसतो.

नावांच्या बाबतीतही मराठी वाचक भाग्यवान आहे. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानावनांत हिंडून आणि लोकांकडून ऐकून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली व ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालीम अली यांचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. तो नेमका शरद ऋतूत, बहुधा दिवाळीच्या आगेमागे येतो. घरातील मुलांच्या हाती पहिली पक्षिवही देण्यास याहून चांगला मुहूर्त नाही.

पक्षी पाहण्याच्या या छंदात एक धोकाही दडलेला आहे. दुर्मिळ पक्ष्याची वार्ता पसरली की एका दिवसात मोटारींची रांग लागते. छायाचित्रासाठी पक्ष्याला पुन्हा पुन्हा उडविले जाते. भिगवणला काही प्रवासी नावाड्याला होडी थव्यात घालायला सांगतात. हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगात शिल्लक चरबी थोडी असते. तीच त्याची मुद्दल होय. प्रत्येक अनावश्यक उड्डाणाने ती खर्ची पडते आणि पुढचा टप्पा गाठण्याइतकी ताकद उरत नाही. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणे हाही असाच प्रकार आहे. कुंभारगाव-डिकसळ येथील अनेक मच्छिमार कुटुंबांचा आता या पर्यटनावर चरितार्थ चालतो. त्यांतील जाणते नावाडी स्वतःच होडी दूर थांबवितात. गिऱ्हाइकानेच अंतर राखण्याचा आग्रह धरला, तर त्यांचे काम सोपे होते.

खाऊ घालण्याच्या हौसेचेही तसेच. होडीतून कुरवांपुढे शेव-फरसाण उधळणे यात दया दिसते, पण तेलकट, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे. दाणे घालण्याची परंपरा विवेकाने चालविली तर काय घडते हे राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचन गावात दिसते. तेथे 1970 च्या दशकात रतनलाल मालू या जैन गृहस्थांनी दाणे टाकण्यास सुरुवात केली. आरंभी मोजकेच कांड्या करकोचे येत. पुढे गावाने चुग्गाघर बांधले, व्यापारी कुटुंबांनी धान्य पुरविले आणि आज तेथे प्रत्येक हिवाळ्यात हजारो करकोचे उतरतात. 2025 मध्ये खीचनला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. तेथे पक्ष्याला त्याचे स्वाभाविक अन्न, म्हणजे धान्य, ठरावीक वेळी व कुंपणाच्या आत मिळते आणि माणसे दूर राहतात. खीचनचे यश या शिस्तीत आहे.

दौंडच्या बाबतीत शिस्तीइतकाच महत्त्वाचा प्रश्न जमिनीचा आहे. माळरान महसुली कागदावर पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून लिहिले जाते. मग त्यावर झाडे लावणे, वसाहत किंवा कारखाना उभारणे, पाणी आणून ऊस करणे हे सारे पुण्यकर्म किंवा प्रगती वाटते. उसाने आणि गुऱ्हाळांनी या तालुक्याला सुबत्ता दिली, हे कोणी नाकारणार नाही. परंतु धाविक, पखुर्डी, चंडोल आणि भोवत्या यांना झाडी नको असते. त्यांना उघडे गवतच लागते. जी जमीन वहीत शून्य किमतीची दिसते, तिच्यावर खंडांपलीकडून आलेल्या पक्ष्यांचा हिवाळा अवलंबून असतो. एखाद्या माळावर शरद ऋतूत कोणते पक्षी उतरतात याच्या वर्षानुवर्षांच्या प्रामाणिक नोंदी असतील, तरच ‘ही जमीन रिकामी नाही’ असे कोणालातरी पुराव्याने सांगता येते. पुतण्याच्या वहीतील ती ‘नीलपंख, जात अनिश्चित’ ही ओळही त्या पुराव्याचाच भाग आहे.

ज्यांना येत्या शरदात जावेसे वाटेल त्यांच्यासाठी मार्ग सोपा आहे. पुण्याहून रेल्वेने दौंड सुमारे 75 किलोमीटर. तेथून सोलापूरच्या मार्गावर बोरीबेल, मलठण आणि मग भिगवण. रस्त्याने सोलापूर महामार्गही याच दिशेने जातो. माळासाठी सूर्योदयापूर्वी पोहोचावे. नऊनंतर ऊन चढते आणि पक्षी सावलीला जातात. मयूरेश्वर अभयारण्यात वन विभागाचे नियम पाळून, रस्ता न सोडता फिरावे. दुपारी सिद्धटेकला नदीकाठी थांबता येते आणि संध्याकाळी कुंभारगावच्या काठावर बसता येते. शिरूरकडून जाणाऱ्यांनी चिंचणीच्या घोड धरणाचा काठ पाहावा आणि घरातील लहान मुलांसाठी मोराची चिंचोली आहेच. सोबत एक दुर्बीण, पाण्याची बाटली, मातकट रंगाचे कपडे आणि कागदाची वही पुरे. मोबाईलचा उपयोग पाहून झाल्यावर करावा.

पहिल्या फेरीत दुर्मिळ पक्षी दिसेलच असे नाही. बहुधा दिसणार नाही. तारेवर खाटीक, बांधावर धोबी, आकाशात घार, एवढ्यावरच सकाळ संपेल. परंतु नेहमीचे पक्षी शंभर वेळा नीट पाहिले असले, तरच एकशेएकाव्या वेळी बसलेला वेगळा पक्षी डोळ्यांत भरतो. खरे नाणे हातात खेळलेल्या माणसालाच खोटे नाणे ओळखू येते, तसेच हे आहे.

कार्तिकाच्या आरंभी दौंडच्या पेठेत नव्या वह्यांची पहिली पाने लिहिली जातात. त्याच सुमारास माळावरील गवत पिवळे पडते आणि उत्तरेकडून आणखी एक थवा उतरतो. त्यांतील एखादे पहिल्या वर्षाचे पाखरू कदाचित चुकून आलेले असेल. ते कोठून आले हे त्याला सांगता येणार नाही. ते कधी आणि कोठे दिसले एवढे मात्र पाहणाऱ्याला लिहिता येते, आणि जे नीट दिसले नाही ते लिहायचे नाही एवढे पाळता येते.